थोडे, थोडेच आणि पुष्कळ : इंग्रजीतील संख्या व परिमाण

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपल्या शाळेत ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवीत. एका भाषेतला नियम समजावून सांगताना ते दुसरीतले उदाहरण घेत. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने इंग्रजीविषयी बोलण्याचे धाडस का केले, याचे पहिले कारण ही त्यांची पद्धत होय. दुसरे कारण माझ्या एका चुकीचे आहे.

१९७८ साली मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. गरीब घरचा एक हुशार विद्यार्थी कारकुनाच्या जागेसाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास आला. त्याचे मराठी उत्तम होते, हिंदी चांगली होती आणि थोडे इंग्रजीही त्याला येत असे. मी मोठ्या आपुलकीने पत्र लिहिले आणि शेवटी ‘ही नोज लिटल इंग्लिश’ हे वाक्य घातले. मुलाखतीत ते पत्र मोठ्याने वाचले गेले. “तुम्हांला इंग्रजी येत नाही, असे तुमचे प्राध्यापकच लिहितात,” असे त्याला ऐकविण्यात आले. ती जागा त्याला मिळाली नाही. त्याने माझ्याजवळ तक्रार केली नाही. पत्र तेवढे परत आणून दिले. माझ्या वाक्यात ‘लिटल’च्या आधी एक ‘अ’ राहून गेला होता.

हा ‘अ’ केवळ ‘एक’ या अर्थाचा नाही. ‘अ लिटल इंग्लिश’ म्हणजे थोडेफार इंग्रजी. ‘लिटल इंग्लिश’ म्हणजे जवळजवळ नाहीच. पहिल्यात जे आहे त्याकडे लक्ष असते, दुसऱ्यात जे नाही त्याकडे. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ आणि ‘फ्यू फ्रेंड्स’ यांतही हाच भेद आहे. पहिल्याला काही मित्र आहेत, दुसऱ्याला मित्रांची वाण आहे. मराठीला हा भेद अपरिचित नाही. आपण ‘थोडे’ आणि ‘थोडेच’ असे दोन शब्द वापरतो. ‘त्याला थोडे कळते’ यात आशा आहे, ‘त्याला थोडेच कळते’ यात निराशा. ‘मी थोडाच येणार आहे!’ या वाक्यात तर ‘थोडाच’चा अर्थ सरळ नकारावर येऊन ठेपतो. मराठी हे काम ‘च’ जोडून करते, इंग्रजी ‘अ’ काढून. एवढे ध्यानात ठेवले, तर माझ्यासारखी चूक होणार नाही.

आता ‘फ्यू’ कोठे आणि ‘लिटल’ कोठे, ‘मेनी’ कोठे आणि ‘मच’ कोठे, हा प्रश्न. मराठीत ‘पुष्कळ माणसे’ आणि ‘पुष्कळ पाणी’ असे एकाच शब्दाने भागते. ‘किती’ही दोन्हींकडे चालतो. इंग्रजीत मोजता येणाऱ्या नामांना ‘मेनी’ व ‘फ्यू’ लागतात, न मोजता येणाऱ्यांना ‘मच’ व ‘लिटल’. अडचण अशी की, काय मोजता येते हे वस्तू ठरवीत नाही, भाषा ठरविते. आपल्या स्वयंपाकघरातच पाहा. तांदूळ निवडले, पोहे भिजवले, पण भात शिजला आणि साखर संपली. तांदळाचे दाणे कोणी मोजीत नाही, तरी मराठीत ते अनेकवचनी आहेत. इंग्रजीत ‘राइस’ आणि ‘व्हीट’ एकवचनी, तर ‘ओट्स’ मात्र अनेकवचनी. यात तर्क शोधू नये. ज्या मराठी मनाला सूचना, बातम्या आणि सल्ले मोजण्याची सवय आहे, ते सहजच ‘इन्फर्मेशन्स’, ‘अ न्यूज’ किंवा ‘अ‍ॅडव्हायसेस’ असे लिहून जाते. ‘फर्निचर’ आणि ‘लगेज’ यांचेही तसेच. ही नामे न मोजण्याची आहेत. मोजायचीच असतील, तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ असे माप मध्ये घालावे लागते. आपणही साखर मोजताना ‘दोन साखरा’ म्हणत नाही, ‘दोन चमचे साखर’ म्हणतो.

तिसरी अडचण संख्या, नाम आणि विशेषण एकत्र आले म्हणजे उद्भवते. १९५१ ते २०१७ या काळात देशात पंचवार्षिक योजना चालल्या. इंग्रजीत त्यांना ‘फाइव्ह-इयर प्लॅन’ म्हणत. आपल्या उत्तरपत्रिकांत मात्र ‘फाइव्ह-इयर्स प्लॅन’ असे हमखास आढळे. हा ‘स’ येतो कोठून? आपण ‘पाच वर्षांची योजना’ असे लिहितो आणि ‘वर्षां’वर अनेकवचनाचा अनुस्वार देतो. तो अनुस्वारच इंग्रजीत ‘स’ होऊन उतरतो. इंदूरच्या मुलाच्या कानावर रस्त्यात ‘पाँच साल का बच्चा’ पडते, आणि तेथे ‘साल’ला अनेकवचनाची खूण नसते. म्हणजे त्याचे हिंदी त्याला इंग्रजीच्या वाटेवर नेते आणि मराठी अनुस्वार त्याला मागे ओढतो!

पण मराठीतही दुसरी वाट आहे. ‘दुमजली घर’, ‘चौपदरी रस्ता’ हे शब्द पाहा. मजले दोन, पदर चार. तरी समासात अनेकवचनाची खूण नाही. संस्कृतात संख्या आरंभी असलेल्या समासाला द्विगू म्हणतात, आणि समाहार द्विगूला पाणिनीने एकवचन सांगितले आहे. पाच वडांची पंचवटी एकच, तीन भुवनांचे त्रिभुवन एकच. ‘फाइव्ह-इयर’, ‘टेन-रुपी नोट’, ‘टू-डे मॅच’ यांना इंग्रजीतले द्विगूचे भाऊबंद समजावे. नामाच्या आधी विशेषण होऊन बसले की मधले नाम एकवचनी आणि जोडरेघेने बांधलेले. क्रियापदानंतर मोकळे आले की मात्र अनेकवचन परत येते. म्हणून ‘अ टेन-इयर-ओल्ड गर्ल’, पण ‘द गर्ल इज टेन इयर्स ओल्ड’. आणि जेथे मराठीत ‘दोन आठवड्यांची रजा’ अशी षष्ठी असते, तेथे इंग्रजीतही ‘टू वीक्स लीव्ह’ अशी षष्ठी चालते. फक्त वरचा स्वल्पविराम ‘वीक्स’च्या ‘स’नंतर द्यावा लागतो.

या एकवचनामागे इतिहासही आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत संख्येबरोबरचे मापवाचक नाम पुष्कळदा षष्ठीच्या अनेकवचनात येई व त्याच्या शेवटी ‘अ’ हा स्वर असे. पुढे तो स्वर झिजून गेला आणि उरलेले रूप एकवचनासारखे दिसू लागले. ‘टेन-फूट’मधला ‘फूट’ हा त्याचाच अवशेष मानतात. ‘फोर्टनाइट’ हा शब्दही ‘चौदा रात्री’ यांचा संक्षेप आहे. आपले नवरात्र त्याचे दूरचे आप्तच म्हणावयाचे.

शेवटी दोन लहान गोष्टी. ‘दोनशे’ आणि ‘शेकडो’ यांत आपण कधी गोंधळत नाही. ‘दोन शेकडो माणसे’ असे कोणी म्हणत नाही. मग ‘टू हंड्रेड्स पीपल’ का लिहावे? नक्की आकडा असेल तर ‘टू हंड्रेड’ आणि ‘टू डझन’. अंदाज असेल तर ‘हंड्रेड्स ऑफ’ आणि ‘डझन्स ऑफ’. तसेच ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी; ‘द नंबर ऑफ’ म्हणजे संख्या, म्हणून क्रियापद एकवचनी. अनेक विद्यार्थी येतात, पण विद्यार्थ्यांची संख्या वाढते, हे आपल्या कानाला ठाऊकच आहे.

परकी भाषा शिकताना आपली भाषा विसरावी लागते, असे पालक हल्ली मानू लागले आहेत. माझा अनुभव उलट आहे. त्या दिवशी मला इंग्रजी कमी येत होते असे नव्हे; ‘थोडे’ आणि ‘थोडेच’ यांचा विचार मी मराठीतच केला नव्हता. तो विद्यार्थी पुढे दुसरीकडे नोकरीस लागला व चांगला स्थिरावला. ते पत्र मात्र मी अजून जपून ठेवले आहे. नंतर लिहिलेल्या प्रत्येक शिफारसपत्रावर सही करण्यापूर्वी मी ते एकदा वाचीत असे.