व्यावसायिक संघटनेत जाऊन काय मिळतं? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

छोट्या वर्कशॉपचा मालक सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बिलं करेपर्यंत सगळं एकट्याने ओढत असतो. त्याच्याकडे संघटनेचा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात: वेळ नाही, तिथे मोठ्यांचंच चालतं, उपयोग काहीच नाही. मोठ्या कंपनीकडे वकील, सीए, खरेदी विभाग असं सगळं घरचंच असतं. छोट्या उद्योजकाला मात्र अडीनडीला विचारायला जाणकार माणसं लागतात आणि ती संघटनेत भेटतात. म्हणून या विषयातले गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज १ : संघटना बड्या उद्योगपतींसाठी असतात.

वस्तुस्थिती : वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेलं महाराष्ट्र चेंबर किंवा पुण्यात १९३४ मध्ये सुरू झालेलं मराठा चेंबर, या नावांचं दडपण येणं साहजिक आहे. पण गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, शिरोलीची ‘स्मॅक’, नाशिकच्या अंबडची ‘आयमा’ या औद्योगिक वसाहतींतल्या संघटना आहेत. रस्ते, पाणी, वीज ही वसाहतीची रोजची दुखणी अशाच संघटना मांडतात. वारंवार वीज जाते म्हणून एकट्याने दिलेला अर्ज फायलीत पडून राहू शकतो. तेच निवेदन सगळ्या वसाहतीच्या वतीने गेलं की अधिकाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागते.

गैरसमज २ : वर्गणी भरली की ऑर्डरी येऊ लागतात.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वात महागात पडतो, कारण दोन-तीन बैठकांनंतर माणूस निराश होऊन येणंच सोडतो. दुसऱ्याचं नाव सुचवणारा स्वतःची पत पणाला लावत असतो. काम बिघडलं तर ग्राहक आधी त्यालाच बोल लावतो. त्यामुळे तुमचं काम, तुमची वेळ पाळण्याची सवय आणि तुमचा शब्द पारखल्याशिवाय तो नाव पुढे करत नाही. ‘बीएनआय’सारख्या संस्थेत एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि दर आठवड्याला भेटतात. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभ्या केलेल्या ‘सॅटर्डे क्लब’चा पायाही नियमित भेटीगाठी हाच आहे.

ओळख करून देतानाही नेमकेपणा लागतो. “आम्ही इंजिनीअरिंगची सगळी कामं करतो,” हे वाक्य सभागृहातून बाहेर पडेपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नाही. “पितळी बुश करतो, पन्नास नगांचा लॉटसुद्धा घेतो, ड्रॉइंग नसेल तर नमुन्यावरून माप घेतो,” असं म्हणणारा मात्र महिन्याभराने कुणाला बुश लागला की नेमका आठवतो.

गैरसमज ३ : तिथे सगळे आपलेच स्पर्धक, ते काय मदत करणार?

वस्तुस्थिती : शेजारच्याची मशीन बंद पडली किंवा त्याच्याकडे काम साठलं, तर तो जॉबवर्क ओळखीतल्याच माणसाला देतो. शिवाय काही खर्च एकट्याला झेपत नाहीत. केंद्र सरकारची क्लस्टर योजना चाचणी प्रयोगशाळेसारख्या सामाईक सुविधांसाठी अनुदान देते, पण त्यासाठी उद्योजकांनी एकत्र यावं लागतं. चिंचवडचं ऑटो क्लस्टर हे अशा सामाईक सुविधेचं उदाहरण आहे.

गैरसमज ४ : एकत्र आलोच आहोत, तर सगळ्यांनी मिळून दर ठरवावा.

वस्तुस्थिती : इथे सावध राहावं. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार स्पर्धकांनी आपसात दर ठरवणं किंवा ग्राहक वाटून घेणं बेकायदेशीर आहे आणि व्यापारी संघटनाही या कायद्यातून सुटत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने संघटनांना दंड केलेले आहेत. कच्च्या मालाच्या महागाईबद्दल सरकारकडे गाऱ्हाणं जरूर मांडा. मात्र आपला दर ज्याने त्याने ठरवावा.

गैरसमज ५ : अडकलेले पैसे संघटना वसूल करून देईल.

वस्तुस्थिती : वसुलीचा अधिकार संघटनेला नाही, पण रस्ता ती दाखवू शकते. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. ती विनामूल्य आहे. हे कायद्याच्या पुस्तकात आहेच. पण आपल्याच शेजारच्या गाळेधारकाने असा अर्ज केला होता, कोणती कागदपत्रं लागली आणि नंतर तो ग्राहक टिकला की तुटला, हे बैठकीनंतरच्या चहावरच कळतं.

मग सुरुवात कुठून करावी? चार ठिकाणी वर्गणी भरण्यापेक्षा वसाहतीतली किंवा आपल्या धंद्याची एकच संघटना निवडा आणि वर्षभर बैठका चुकवू नका. प्रशिक्षण, प्रदर्शन, वीज यांपैकी एखाद्या समितीचं काम अंगावर घ्या, कारण सोबत काम करतानाच माणूस पारखला जातो. आणि ऑर्डर मागण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी एक चांगला ग्राहक मिळवून द्या. छोट्या उद्योजकाची पत इथूनच वाढायला लागते.