चाक मोठं झालं, ताकद कुठे गेली?

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने सेलवर चालणाऱ्या ट्रकला मोडक्या खेळण्याची मोठी चाकं बसवली. ट्रक कसा रुबाबदार दिसू लागला! फरशीवर तो पळालाही. पण तिरक्या ठेवलेल्या पाटीचा चढ येताच घुंऽऽ घुंऽऽ करत जागीच थांबला.

"बाई, सेल तर नवे आहेत. मग ताकद कुठे गेली?"

खरं सांगते, मला चटकन उत्तर देता आलं नाही. घरी विचार केला तेव्हा उमगलं.

एक प्रयोग करा. पट्टीचं टोक मुठीत धरा. कंपासपेटी मुठीजवळ ठेवली तर सहज पेलते. दुसऱ्या टोकाला सरकवली की मनगट दुखतं. चाकाचंही तसंच! आस त्याच जोराने फिरतो, पण चाकाची कड आसापासून लांब गेली की रस्त्याला मिळणारा रेटा कमी पडतो.

अमेरिकेत खडकाळ वाटांवर जीप चालवणारे हौशी लोक मोठे टायर लावतात. ते मडगार्डला घासू नयेत म्हणून गाडी उंच करतात. मग गेलेली ताकद परत कशी आणतात?

मालट्रकच्या मागच्या चाकांमध्ये लोखंडी भोपळ्यासारखा गोळा पाहिलाय ना? तो डिफरन्शियल. त्यात लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या क्राउनला फिरवतं. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १० असले, तर ४१ भागिले १० म्हणजे ४.१० हे झालं गुणोत्तर. पिनियन ४.१० वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. हा आकडा जितका मोठा, तितका रेटा जास्त.

आता गणित! जीप रँग्लर रुबिकॉनला ३३ इंची टायर आणि ४.१० गुणोत्तर होतं. ३५ इंची टायर लावले तर?

४.१० × ३५ ÷ ३३ = सुमारे ४.३५

म्हणजे पूर्वीइतकाच रेटा हवा तर ४.३५ पाहिजे. २०२१ मध्ये कंपनीनेच ३५ इंची टायरांची रुबिकॉन आणली, तेव्हा गुणोत्तर ठेवलं ४.५६. थोडं जास्तच! कारण मोठे टायर वजनाने जड असतात.

मग आणखी मोठा आकडा का नको? कारण त्याच वेगाला इंजिनला जास्त फेरे घ्यावे लागतात. आवाज वाढतो, पेट्रोलही जास्त लागतं. शिवाय चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचं आणि मागचं गुणोत्तर सारखंच हवं. नाहीतर दोन्ही आस एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं.

आणखी एक धोका. टायर बदलले पण वेगाचा काटा जुळवला नाही, तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६३ च्या पुढे धावत असते! उंच गाडी वळणावर कलंडायचीही भीती जास्त. म्हणून पालकहो, नुसत्या रुबाबासाठी चाकं मोठी करू नयेत. आपल्याकडे तर गाडीत असे मनमानी बदल करायला कायद्याचीही मनाई आहे.

आता तुमची पाळी. ३१ इंची टायर, गुणोत्तर ३.७३. टायर ३५ इंची केले. दुकानात ४.१० आणि ४.५६ मिळतात. घाट चढायचाय, कोणतं घ्याल? वहीत सोडवा आणि कारणही लिहा!