नखांना रंग : थोड्या पैशांत, पण पारखून

भगिनींनो, पंचमी जवळ आली की निलंगा तालुक्यात गावोगाव झोके बांधले जातात, घरोघर मेंदी भिजते आणि माहेरवाशिणी बाजारात बांगड्यांच्या दुकानाशी रेंगाळतात. बांगड्यांच्या शेजारीच नेलपॉलिशच्या बाटल्या मांडलेल्या असतात. लेकीला लाल हवी असते, सुनेला डाळिंबी. घरातले कोणीतरी म्हणतेच, "सोयाबीन खुरपायचं सोडून नखं कसली रंगवता?" पण खुरपे आणि रंग यांचे वैर नाही. वर्षभर मातीत राबणाऱ्या हातांना सणाला थोडी शोभा आली तर त्यात उधळपट्टी कसली? फक्त बियाणे पारखून घेतो तसा रंगही पारखून घ्यावा.

बाटलीत असते काय?

ऐकून नवल वाटेल, पण नेलपॉलिशचे नाते कापसाशी आहे. रुई काढून घेतल्यावर सरकीवर जी बारीक लव उरते, ती किंवा लाकडाचा लगदा यांवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार होते. ते द्रावकात विरघळवले की पातळ रंगासारखे लावता येते. द्रावक उडून जातो आणि मागे चकचकीत पापुद्रा उरतो. पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्यांना असा झटपट वाळणारा रंग देऊ लागले. त्याच धर्तीवर नखांचा रंग बाजारात आला. आपल्या देशात टाटा ऑइल मिल्सने १९५२ साली 'लॅक्मे' सुरू केली. लॅक्मे हे लक्ष्मी या नावाचेच फ्रेंच रूप.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. नेलपॉलिश आणि ते काढायचे रिमूव्हर ही दोन्ही चटकन पेट घेणारी आहेत. चुलीजवळ, गॅसजवळ किंवा देवाच्या समईजवळ बसून ती कधीही लावू नयेत.

तीन बाटल्यांत सहा रंग

नेहमी शोभणारे रंग मोजकेच : लाल, डाळिंबी आणि फिकट गुलाबी. सगळे विकत घ्यायची गरज नाही. लाल, पांढरी आणि गडद तपकिरी अशा तीन लहान बाटल्या जावा-नणंदांनी मिळून घ्याव्यात. काचेच्या तुकड्यावर पांढऱ्यात थेंबभर लाल मिसळला की गुलाबी होतो. लालात थेंबभर तपकिरी मिसळला की डाळिंबी आणि पांढऱ्यात तपकिरी मिसळला की बदामी. मिसळलेला रंग लगेच वाळतो, म्हणून लागेल तेवढाच करावा.

नवे वाण आपण आधी एका वाफ्यात लावून बघतो. तसाच नवा रंग आधी एकाच नखावर लावावा आणि दुकानातल्या दिव्याखाली न पाहता उन्हात पाहावा. एक दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली नाही, तरच बाकीची नखे रंगवावीत.

बाटली घेताना तिच्यावर कारखान्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली आहे का ते पाहा. खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचता, तसाच हाही वाचा. ज्या बाटलीवर काहीच छापलेले नाही, ती स्वस्त असली तरी घेऊ नये. एखादीच्या नखाला बुरशी लागली असेल, तर तिच्यासाठी वेगळी बाटली ठेवावी.

लावायची रीत

नखे आधी कापून, साबणाने धुऊन कोरडी करा. बाटली जोराने हलवू नका, बुडबुडे येतात. ती दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवा. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत आणि मध्ये तीन-चार मिनिटे जाऊ द्यावीत. गडद रंगाने नखे पिवळी पडतात, म्हणून खाली पारदर्शक रंगाचा एक हात द्यावा. वरून कोरडे वाटले तरी रंग आतून घट्ट व्हायला काही तास लागतात. म्हणून भांडी आणि भाकरी झाल्यावर, निजण्याआधी एक-दोन तास लावावे.

काढताना पात्याने खरवडू नये. रिमूव्हरचा कापूस नखावर थोडा वेळ दाबून धरावा, मग पुसावे आणि खोबरेल तेल चोळावे. टवके उडालेला रंग अंगावर वागवू नये. पीठ मळताना तो भाकरीत जातो. नखे लांब तर मुळीच ठेवू नयेत. फवारणीचे औषध आणि माती नखांखाली साचते आणि घासाबरोबर पोटात जाते. नेलपॉलिश म्हणजे हातमोजा नव्हे.

परसातला रंग

बाजारात एक पैसाही न देता मिळणारे दोन रंग परसात आहेत. पहिला मेंदीचा. पावसाळ्यात मेंदीच्या फांद्यांची छाटे लावली की कुंपणही होते आणि पुढे सणाला पानेही मिळतात. वाटलेल्या पानांत लिंबाचा रस घालून लेप नखांवर रात्रभर ठेवावा. सकाळी लगेच पाणी न लावता तो खरवडून काढावा. रंग पुढे एक-दोन दिवस गडद होत जातो.

दुसरा रंग तेरड्याचा. आपण त्याला महालक्ष्म्यांपुढे मांडतो आणि मग विसरतो. मेंदीत जे रंगद्रव्य असते तेच तेरड्यातही असते. कोरिया देशात मुली तेरड्याच्या पाकळ्या आणि पाने तुरटी घालून ठेचतात आणि नखांवर रात्रभर बांधून ठेवतात. नखे केशरी होतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. नखावर मात्र तो नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो, कारण हाताचे नख महिन्याला तीन मिलिमीटरच्या आसपासच वाढते.

"काळी मेंदी" म्हणून विकतात तिच्यापासून मात्र दूर राहा. खरी मेंदी कधीच काळी नसते. काळेपणासाठी केसांच्या कलपातले रसायन मिसळतात आणि त्याने कातडीवर फोड येतात. तान्ह्या बाळाला तर साधी मेंदीही लावू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मजात दोष असतो आणि मेंदीने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

रंगाखाली काय दडले आहे?

आता सर्वांत महत्त्वाचे. नख म्हणजे रक्ताची खिडकी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पीक पिवळे पडले की आपल्याला लगेच कळते, पण घरची लक्ष्मी फिकी पडली तर महिनोन् महिने लक्षात येत नाही. त्यात नखे बाराही महिने रंगवलेली असली, तर ती एक खूणही झाकली जाते.

म्हणून महिन्यातले काही दिवस नखे उघडी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. ती गुलाबी आहेत की पांढुरकी? मधोमध चमच्यासारखी खोलगट झाली आहेत का? जोडीला धाप, चक्कर, थकवा असेल तर रक्त तपासून घ्या. मेंदीनेही नखाचा मूळ रंग झाकतो, म्हणून पापणी खाली ओढून आतला भागही पाहावा. गरोदर बहिणींना सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला जाताना नखांचा रंग घरीच काढून जा. डॉक्टर नखांकडे पाहून रक्त आणि श्वास कसा चालला आहे ते ताडतात. बोटाला लावायच्या प्राणवायू मोजण्याच्या यंत्राचा आकडाही गडद रंगाने चुकू शकतो. अडल्या वेळी रिमूव्हर शोधत बसायची पाळी येऊ नये.

घरातल्या पुरुषमंडळींनाही एक सांगणे आहे. लेकीने दोन-तीन कप चहाच्या किमतीची बाटली आणली तर कुरकुर करू नका. तिची नखे उघडी असतील त्या दिवशी ती एकदा उजेडात बघा. फिकी दिसली तर तिला दवाखान्यात घेऊन जा.