चूक कबूल करण्याची रीत

सार्वजनिक जीवनात एक सोयीचे वाक्य रूढ झाले आहे : ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत.’ त्यात काय चुकले ते नसते आणि कोणाचे चुकले तेही नसते. खरी कबुली या दोन्ही गोष्टी नेमक्या सांगते आणि त्यानंतर वागणेही बदलते.

१९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. ६ एप्रिलला देशभर हरताळ पाळला गेला. पुढच्या काही दिवसांत त्यांच्या अटकेच्या बातमीने अहमदाबाद आणि वीरमगाव येथे दंगली उसळल्या, माणसे मारली गेली. नडियादजवळ रेल्वेचे रूळ उखडण्याचा प्रयत्न झाला. नडियादच्या सभेत गांधीजींनी आपली चूक हिमालयाएवढी असल्याचे जाहीर केले. त्यांनी जमावावर खापर फोडले नाही. जो कायदे एरवी मनापासून पाळतो त्यालाच ते मोडण्याचा अधिकार पोचतो, अशी त्यांची धारणा होती. ती तयारी नसलेल्या लोकांना आपण कायदेभंगाची हाक दिली, हा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. १८ एप्रिलला सत्याग्रह थांबवण्यात आला. या कबुलीवर पुष्कळ टीका आणि टवाळी झाली, पण तिचा पस्तावा कधी झाला नाही, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे.

१९२२ च्या फेब्रुवारीत हीच कसोटी अधिक कठोर झाली. चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि २२ पोलीस मृत्युमुखी पडले. असहकाराची चळवळ ऐन भरात असताना गांधीजींनी ती बारडोलीहून मागे घेतली आणि प्रायश्चित्त म्हणून पाच दिवस उपास केला. तुरुंगातले सहकारी नाराज झाले. निर्णय बरोबर होता की नाही, यावर आजही दुमत आहे; मात्र जबाबदारी टाळण्याचा आरोप त्यांच्यावर करता येत नाही. मार्चमधल्या खटल्यात त्यांनी या हिंसाचाराचा दोषही आपल्या माथी घेतला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्याच्या तुरुंगात गेले.

वरिष्ठाने हाताखालच्यांचे अपयश अंगावर घेणे हाही कबुलीचाच एक प्रकार. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८० ला यश आले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले.

काही कबुल्या फार उशिरा येतात. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्क नाकारला. त्या बहुमतातले न्यायमूर्ती भगवती यांनी आपले चुकले, हे २०११ मध्ये मान्य केले. तोवर ३५ वर्षे लोटली होती. तो निकाल न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो २०१७ मध्ये, आणि तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्या बहुमतातल्या यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. वैयक्तिक खंत आणि संस्थेची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने मन हलके होते. नागरिकांना उपयोग होतो तो दुसरीचा.

सामान्य माणसाला असे व्यासपीठ नसते. त्याची कबुली घरात, फार तर चार परक्यांपुढे होते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेने या परक्यांचीच रीतसर सोय केली. तिच्या सभा आता महाराष्ट्रातही भरतात. बोलणारा फक्त आपले नाव सांगतो, आडनाव सांगत नाही, आणि आपण दारुडे आहोत असे म्हणतो. समोर बसलेले सगळे त्याच वाटेने आलेले असल्यामुळे त्याला कोणी टोचत नाही की उपदेश करत नाही. बाहेर ज्या वाक्याने अब्रू जाईल, ते तिथे आधार देते. पुढच्या पायऱ्या अवघड आहेत : आपल्या दोषांचा लेखी हिशेब मांडायचा, तो एका माणसाला वाचून दाखवायचा, ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे जाऊन भरपाई करायची. या भरपाईला एक अपवाद आहे : जाण्याने त्या माणसाला पुन्हा इजा होणार असेल, तर जायचे नाही.