नागलीचा उतार, पापडाची खाट

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातला खेटून असलेल्या सुरगाणा तालुक्यात कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांची शेती बहुतेक डोंगरउताराची. पावसाळ्याआधी पालापाचोळा अन् शेण पसरून राब भाजायचा, त्यात रोपे तयार करायची आणि पाऊस लागला की भात खाचरात, नागली-वरई माळावर लावायची.

पाऊस इथे धो-धो पडतो. उन्हाळ्यात मात्र अनेक पाड्यांवर हंडे घेऊन पायपीट ठरलेली.

घरच्या वस्तूंत मान नागलीच्या पापडाचा. पापडखार, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ घाटतात, उकड मळून लाटतात आणि पापड उन्हात खाटेवर वाळवतात. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात शहरांनी तिचे कौतुक केले. इथे ती भाकरी म्हणून रोजच ताटात होती. खुरासणी आणि मोहाच्या बियांचे तेलही घरात वापरतात.

अलीकडे बोरगाव परिसरात स्ट्रॉबेरी आली. हिवाळ्यात सापुतारा रस्त्यावर तिचे खोके मांडलेले दिसतात. पैसा लवकर हाती येतो, पण हे फळ दोन-तीन दिवसांत नरमते. पापड वर्षभर टिकतो.