क्रीडाछायाचित्रणासाठी टेलिफोटो लेन्सची चाचणी : एक विवेचन

टेलिफोटो लेन्सची परीक्षा सामान्यतः भिंतीवर लावलेले वर्तमानपत्र टिपून केली जाते. कोपऱ्यातील अक्षरे वाचता आली, की लेन्स उत्तम ठरते. क्रीडाछायाचित्रणाच्या दृष्टीने हा निकष अपुरा आहे. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयाला अशी महागडी लेन्स वारंवार घेता येत नाही. म्हणून ती खरेदीपूर्वी मैदानावर, धावत्या खेळाडूसमोर तपासणे अगत्याचे ठरते.

नाशिक जिल्हा लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी ख्यातनाम असल्याने उदाहरण तेथीलच घेऊ. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर अंतर ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत पार करून कांस्यपदक मिळविले. हा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर होतो. याच वेगाने धावपटू समोरून येत आहे, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरील लेन्सचे नाभीय अंतर २०० मिमी व छिद्र एफ/२.८ आहे, असे मानू. २० मीटरवर सुस्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १.७ मीटर खोल असतो. १० मीटरवर तो जेमतेम ४२ सेंमी उरतो. एवढे अंतर धावपटू सेकंदाच्या बाराव्या भागात ओलांडतो. लेन्सची मोटर त्या गतीने भिंगे सरकवीत राहते की मागे पडते, हे वर्तमानपत्र सांगू शकत नाही.

याकरिता धावपटूस ४० मीटरवरून १० मीटरपर्यंत सरळ कॅमेऱ्याकडे धावण्यास सांगावे. फोकस सतत बदलता ठेवून, शटर १/१००० सेकंदावर लावून सलग छायाचित्रे घ्यावीत व कोणत्या अंतरावर किती अस्पष्ट आली हे नोंदवावे. एकच धाव पुरेशी नाही, कारण तीत योगायोगाचा भाग मोठा असतो. अखेरच्या टप्प्यातच चित्रे बिघडत असतील, तर मोटरची गती संशयास्पद मानावी. स्थिर वस्तूवरही फोकस नेहमी तेवढाच पुढे वा मागे पडत असेल, तर दोष बहुधा कॅमेरा व लेन्स यांच्या जुळणीचा असतो आणि तो अनेकदा दुरुस्त होतो.

छिद्र एफ/५.६ केल्यास पट्टा दुप्पट होतो, परंतु प्रकाश एकचतुर्थांश उरतो. सकाळी उत्तीर्ण झालेली स्वस्त लेन्स सायंकाळच्या कबड्डीत अनुत्तीर्ण होते ती यामुळेच. चाचणीची एक फेरी सूर्यास्ताच्या सुमारास घ्यावी. उन्हाळ्यातील दुपार मात्र टाळावी. तापलेल्या मातीवरील हवा लहरत असते आणि तिचा दोष निष्कारण लेन्सच्या माथी येतो.