खूर कुजवणाऱ्या जिवाणूचा जीनोम
मेंढ्यांचे खूर कुजवणारा ‘डायकेलोबॅक्टर नोडोसस’ हा जिवाणू ऑस्ट्रेलियात संशोधक बेव्हरिज यांनी १९४१ मध्ये ओळखला. त्याचा संपूर्ण जीनोम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम १४ लाख बेस-जोड्या आहेत, ई. कोलाय या जिवाणूच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो टणक खूर पोखरतो, हे खरे नवल! त्याची मुख्य हत्यारे दोनच: खुराच्या कातडीला चिकटून पुढे सरकण्यासाठी बारीक तंतू आणि प्रथिने विरघळवणारी विकरे. तीव्र व सौम्य रोग करणाऱ्या प्रकारांतील एका विकरात तर अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक आढळतो. त्यामागचा जनुकीय फरक हेरणारी पीसीआर चाचणी स्वित्झर्लंडमध्ये मेंढ्यांच्या कळपांची तपासणी करताना वापरली जाते.